कानबाईचा ढोल

अठ्ठ्याण्णव साली नरोलीच्या खोलीवर वाल्मिकने कॉम्प्युटरवर कानबाई देवीच्या मिरवणुकीची गाणी बसवली. ढोल त्याच्या बापाने, भिकाने वाजवलेला, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला. बाप कारखान्यात पाळीला गेलेला. कॅसेट कंपनीच्या प्रमोदसाहेबांनी तोच ढोल नव्या प्रोग्रॅममध्ये टाकून दाखवला. “दर फेरीला एक थाप उशिरा पडते. नव्यात चूक आपोआप सुधारते. जुना प्रोग्रॅम सोड, मग कॅसेट काढू.” वाल्मिकही भुलला. “माय, नाचून बघ बरं.” भिमाबाईने पदर खोचला, देवीचा चौरंग घेतात तसा पाट डोक्यावर घेतला. गिरकी पुरी व्हायच्या आतच थाप पडली, पाट कलला. “हा ढोल तुझ्या बापाचा नव्हे!” ती फणकारली. वाल्मिकने जुना प्रोग्रॅम लावला. माय वळली, पाऊल टेकलं, तेव्हाच थाप पडली. पाट जागचा हलला नाही. वाल्मिकची मान ताठ झाली. “माझा बाप चुकत नाही, साहेब. मायसाठी थांबतो.”