मागच्या सीटपुढचा पत्रा
भाऊ गेल्यापासून त्याची जुनी गाडी वहिनीच चालवत होती. “नवी घ्या म्हणणारे ढिगाने भेटतात, भाऊजी. तुम्ही दुरुस्तच करा.” मेकॅनिक दिराने नजर चुकवून हातातला पाना पुसला. “म्हातारी झालीय ती, वहिनी.” “मग? उद्या तुम्ही म्हातारे झालात की तुम्हालाही भंगारात घालू?” ती हसली. “गेल्या वर्षी तळाचा गंजलेला पत्रा कापून तुम्हीच नवा वेल्ड केलात ना? त्या भरवशावर परवा पोरांना घेऊन घाट उतरणार आहे.” घरच्यांचं काम फुकटचं, म्हणून फुकटासारखंच करायचं, ही त्याच्या गॅरेजची रीत. त्याने मागची चटई ओढून काढली आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो आरपार गेला. “वेल्डिंग मी केलंच नव्हतं, वहिनी. गंजावर नुसती पुट्टी थापून रंग फासला होता.” वहिनीने भोकात बोट घातलं. “वर्षभर पोरं इथंच पाय ठेवून बसत होती, भाऊजी.”