पाण्याचं इंग्रजी

“आय यूज्ड टू वॉक फॉर वॉटर,” दगडाबाईंनी एका दमात म्हणून टाकलं आणि पदराने तोंड पुसलं. “म्हंजी मी काय म्हनले, म्याडम?”

“पूर्वी मी पाण्यासाठी पायपीट करायचे. म्हणजे आता करत नाही,” सुकन्या म्हणाली.

“आन् आज सकाळी इहिरीवर दोन खेपा कुनी केल्या मग?”

सुकन्याने फळ्याकडे तोंड फिरवलं. “मावशी, सध्या नुसतं पाठ करा.”

जामखेडपासून तासाभरावरच्या त्या गावात घरोघरी नळ आले होते. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. नळांना पैसे देणारी परदेशी संस्था शनिवारी पाहणीला येणार होती. पाहुण्यांपुढे दहा बायकांनी आपलं सुख थेट इंग्रजीत सांगावं, ही कल्पना आबासाहेबांची. आबासाहेब गावचे सरपंच. कागदावर सरपंच त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई होत्या, पण कागद वाचतो कोण? हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. सुकन्या त्या हायस्कूलात तासिकेवर इंग्रजी शिकवायची, आणि तिची जूनपासूनच्या नेमणुकीची ऑर्डर त्यांच्या सहीसाठी थांबली होती.

“एवढं नीट पार पाडा म्याडम, ऑर्डर घरपोच करतो,” ते म्हणाले होते. “न्हाई जमलं तर नगरात मास्तर काय कमी हायेत?”

बायकांना इंग्रजीचा हा साचा भलताच मानवला. पूर्वी होतं आणि आता नाही, असं प्रत्येकीकडे पोतंभर निघालं. सुरेखा म्हणाली, “आय यूज्ड टू राइड सायकल,” आणि लग्नाआधीच्या सायकलची घंटी तिने हवेतच वाजवून दाखवली. दगडाबाईंनी “आय यूज्ड टू ईट शेंगदाणे” म्हणून बोळकं उघडून दाखवलं. सगळा वर्ग हसला. बायकांनी रचलेलं वाक्य न् वाक्य खरं होतं. खोटं एकच होतं, आणि शनिवारी तेच म्हणायचं होतं. सुकन्याला स्वतःची लाज वाटत होती. पण घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, आणि वाणी काही लाज घेऊन किराणा देत नाही.

शनिवारी सकाळी बायका विहिरीवर गेल्याचं बघून आबासाहेबांनी दोन टँकर गुपचूप टाकीत रिकामे करून घेतले. बाकीचे व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त मारुतीच्या पारापुढचा नळ चालू ठेवला. दहा वाजता पाहुणी आली. उंच, पांढऱ्या केसांची, हातात वही. मंडपात खुर्च्या, जलपूजनाचा कलश, हिरव्या साड्यांतल्या दहा बायका ओळीने उभ्या. पुष्पावतीबाई पैठणी नेसून, हातात भाषणाचा कागद घेऊन पाहुणीशेजारी बसल्या होत्या.

दगडाबाई पुढे झाल्या. “आय यूज्ड टू वॉक फॉर...”

आबासाहेबांना राहवलं नाही. वाक्याला पाण्याचा आवाज असला तर बहार येईल, असं वाटून त्यांनी तेवढ्यात नळ सोडायची खूण केली.

धार पडली. दगडाबाई थांबल्या. त्यांनी नळाकडे पाहिलं. दहाही बायकांनी पाहिलं. कुठेही पाणी आलं की चुलीवरची भाकरी टाकून पळायचं, ही या गावाची रीत. ती आठ दिवसांच्या इंग्रजीने थोडीच सुटणार? सुरेखाने पदर खोचला आणि ओळ फुटली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हंडे, बादल्या, घमेली, पोरांच्या आंघोळीचा टब, सगळं पारापुढे हजर झालं. कुणी कुणाची आई काढली, कुणी झिंज्या धरल्या. दगडाबाईंनी मधल्या मधे पूजेचा कलश उचलला, त्यातला नारळ फेकून दिला आणि कलश धारेखाली धरला.

“हे काय चाललंय?” पाहुणीने सुकन्याला इंग्रजीत विचारलं.

“सांगा, आनंद साजरा करत्यात,” आबासाहेब ओठ न हलवता कुजबुजले. “सांगा, परंपरा हाय.”

सुकन्याने सांगितलं. पाहुणी हरखली. तिने भांडणाचे चार फोटो काढले आणि वहीत काहीतरी लिहिलं. आबासाहेबांनी कपाळावरचा घाम टिपला. जूनची ऑर्डर सुकन्याला समोर दिसायला लागली.

तेवढ्यात पुष्पावतीबाई उठल्या. त्यांनी भाषणाचा कागद खुर्चीवर ठेवला आणि पैठणीचा काठ वर खोचला.

“तुमी कुठं निघाला? भाषण हाय तुमचं,” आबासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“भाषन तुमीच करा, नेहमीसारखं,” पुष्पावतीबाई साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “घरात तीन दिस झाले, पान्याचा थेंब न्हाई. दोन टँकर किती येळ पुरनार हायेत?”

आणि हंडा आणायला त्या तरातरा घराकडे निघाल्या.

पाहुणी पुन्हा सुकन्याकडे वळली. “सरपंच काय म्हणाल्या?”

आबासाहेब सुकन्याकडे बघून हसत होते. ही पोरगी आता काहीतरी गोड सांगणार, याची त्यांना पुरती खात्री होती. सुकन्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नळावरच्या मारामारीकडे. मग तिने पुष्पावतीबाईंचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. वर स्वतःचंही घातलं: गावात कुणाच्याच नळाला पाणी येत नाही, हे आजचं पाणी सकाळी टँकरने आणलंय, आणि बायकांना हे वाक्य मीच पाठ करायला लावलं.

पाहुणीने वही मिटली. ती आबासाहेबांकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “इज धिस ट्रू?”

आबासाहेबांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण पाहुणी आपल्याशी बोलते आहे एवढं कळलं. ते खुर्चीतून उठले, टोपी सारखी केली, छाती पुढे काढली आणि सबंध गावादेखत ठणकावून म्हणाले,

“येस म्याडम! हंड्रेड परसेंट!”