कडेचे मणी

टांकसाळीच्या साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि रुमालातून नाणं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

“वहिनी, आता तुम्हीच सांगा. माझं तर हे ऐकायलाच तयार नाहीत.”

नाणं देखणं होतं. एका अंगाला उच्च न्यायालयाचा घुमट, दुसऱ्या अंगाला तराजू आणि त्याखाली शंभर वर्षांचा आकडा. तिचा नवरा टांकसाळीत नक्षीकार होता. या नाण्याचा ठसा त्यानंच हातानं कोरला होता.

“मला तर छान दिसतंय,” ती म्हणाली.

“भिंगातून बघा. कडेनं मणी आहेत ना, प्रत्येक मण्यात केसाएवढी चीर आहे. ज्या सळीनं मणी ठोकलेत तिचं टोक दुखावलंय. कपाटात नव्या सळ्या पडल्यात, पण या गृहस्थांना हीच हवी.”

“हाताला बसते,” नवरा खाली मान घालून म्हणाला.

“हाताला बसते! अहो, मुख्य न्यायमूर्तींना नाण्यांचा नाद आहे. सोमवारी समारंभात हातात पडलं की भिंग घेऊनच बसतील.”

“बसू देत.”

“अजून वेळ आहे. दुसरा ठसा कोरा.”

“नाही कोरणार.”

साहेबांनी हात टेकले. तीस वर्षांत ज्याचा एक मणी वाकडा गेला नाही, तो माणूस मुलगा तुरुंगात गेल्यापासून खचलाय, हे त्यांनाही दिसत होतं. “नुसत्या डोळ्यांना कळत नाही म्हणून सोडतो,” असं पुटपुटत ते गेले.

दार लागताच ती नवऱ्याकडे वळली. “अहो, गुरुवारी त्याच न्यायमूर्तींपुढे आपल्या पोराचं अपील आहे. त्यांच्याच नाण्यात खोट ठेवून काय मिळणार तुम्हाला? राग काढताय?”

“राग कुणावर काढू?” तो म्हणाला. “भाजी करपतेय बघ.”

मुलाचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. आधी तिथं चिटपाखरू फिरकत नव्हतं. सुटीच्या दिवशी बापच जाऊन काचेची कपाटं लावून द्यायचा. हळूहळू गिऱ्हाईक लागलं, पोराच्या तोंडावर हसू आलं, आणि एक दिवस विकलेली दोन नाणी बनावट निघाली. “मला यातलं काही माहीत नाही,” एवढंच तो सांगत राहिला. पाच वर्षांची शिक्षा झाली.

निकाल ऐकताच बाप भर कोर्टात उभा राहिला होता. “ती नाणी मी केलीत.” तिथले न्यायाधीश कळवळले. “बसा काका. बापाचं काळीज आहे, समजतं आम्हाला.” दुसऱ्या दिवशी तो आपली हत्यारं पिशवीत घालून पोलीस चौकीत गेला. इन्स्पेक्टरनं पाणी पाजलं, पिशवी तशीच परत दिली. “काका, हा तर तुमचा रोजचा धंदा. यावरून काय सिद्ध होणार?” वर रिक्षात बसवून घरी पाठवलं.

शेजारणी म्हणाल्या, असा बाप मिळायला भाग्य लागतं. तिलाही तसंच वाटायचं. देवापुढे बसली की ती आधी मुलासाठी मागायची आणि मग या भोळ्या माणसासाठी. उभ्या जन्मात एकच खोटं बोलला, तेही धड जमलं नाही बिचाऱ्याला.

आणि आता हे नाणं. वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “अपिलात नवा साक्षीदार नसतो. जुने कागद आणि जप्त केलेली नाणी, बास.”

“समारंभात तरी न्यायमूर्तींपुढे हात जोडा,” ती म्हणाली.

“हात जोडून झालेत माझे,” तो म्हणाला आणि ताटावर बसला.

गुरुवारी ती दोघं कोर्टात मागच्या बाकावर बसली. पोलिसांच्या मध्ये उभा असलेला मुलगा निम्मा झाला होता. वकील बोलत होते, पण न्यायमूर्तींचं लक्ष नव्हतं. पाकिटातलं जप्त नाणं भिंगाखाली धरून ते कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी खिशातून दुसरं नाणं काढलं. घुमट तिनं लांबूनही ओळखला.

सापडली खोट.

“आमच्या शताब्दीचं हे नाणं कुणी कोरलंय?” न्यायमूर्तींनी विचारलं.

नवरा उठायला लागला. तिनं त्याची बाही घट्ट धरली. “बसा हो. नका सांगू. पोराचं वाटोळं होईल.”

त्यानं हळूच तिची बोटं सोडवली.

“मी, साहेब.”

“याच्या प्रत्येक मण्यात एक चीर आहे. आणि या बनावट नाण्याच्या मण्यांतही हुबेहूब तीच आहे. हे कसं?”

“सळी एकच आहे, साहेब,” तो म्हणाला. “मी तेव्हाही खोटं बोललो नव्हतो.”