पोलंडचं घड्याळ

"एवढं काय सोनं उकरून राह्यला तो तिकडे? बाप इथी दोरीवानी वाळला, अन् पोराले चार दिवस सुटी नाई!"

सुगंधाबाई कुंपणापलीकडे तूर पाखडत होत्या. बोलत होत्या सुनेशी, पण सूप थांबलं की शब्द थेट शेजारच्या खिडकीतून आत येत.

"हळू बोला ना, आई. कांताकाकू घरातच आहे," सून रंजीता म्हणाली.

कांता घरातच होती. नवऱ्याच्या ओठांना ओला कापूस लावत होती. तिनं खिडकी लोटून घेतली. राग आला नाही. बाई चुकीचं काय बोलली?

बापूराव डोळे मिटून पडले होते. तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी. ओल्या मातीतला पंजा पाहून वाघ कधी गेला, नर की मादी, भुकेला की पोट भरलेला, हे सांगणारा माणूस. आता कूस बदलायलाही दोघं लागत. चंद्रपूरच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. शेवटी डॉक्टरांनी कांताला बाजूला घेतलं. "घरी न्या. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. आठ-दहा दिवस धरा."

त्यातले सहा सरले होते. आणि भेटायचं होतं एकुलत्या एका पोराला.

अश्विन आणि हर्षाला गावानं निरोप दिला, त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हा लग्नाला पाचच महिने झालेले. गावातून परदेशी जाणारं पहिलं जोडपं. विहारात सत्कार झाला, भाषणं झाली. बस थांब्यावर दोघांचा फ्लेक्स लागला, डोक्यावर विमानासकट. आपल्याकडे माणूस पोचायच्या आधीच त्याचा सत्कार होतो, त्याला कोण काय करणार?

बापूरावांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, साडेचार तास मागं. ते पोलंडचं. कुणी बसायला आलं की त्याकडे बघून सांगायचे, "आता पोरगा डबा खात असन."

अश्विन फोटो पाठवायचा. सुटीत फिरायला गेलो होतो म्हणायचा. बर्फातली ट्राम, दगडी पूल, नदीकाठची रंगीत घरं. त्यात दोघं मात्र नसत. सुगंधाबाईंनी एकदा विचारलंच.

"फोटो काढणारा फोटोत कसा येईन, बाई?" बापूराव म्हणाले.



दवाखान्यातले दिवस निभले ते डब्यामुळे, असं कांता सांगे. रोज दुपारी वॉर्डाच्या दाराशी कुणीतरी डबा ठेवून जाई. कुठली तरी संस्था असेल, नर्स म्हणाली होती. मऊ भात, आणि लसणाची फोडणी दिलेली लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, गावाकडे करतात तशी. बापूराव दोन घास जास्त खायचे.

"संस्थावाले आपल्या झाडीपट्टीतलेच दिसतेत," ते म्हणायचे.

कांता डबा धुऊन परत दाराशी ठेवायची. चौकशी तिनं केली नाही. खाल्ल्या अन्नाची चौकशी करू नये.

भिंतीवर पाच वाजले. पोलंडच्या घड्याळात साडेबारा. फोन वाजला.

फोनमध्ये अश्विन, शेजारी लोकरीची टोपी घातलेली हर्षा. दोघांच्या मागं जाड पडदा ओढलेला. हर्षाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"बाहेर बर्फ आहे ना, आई. हीटर फार मोठा केला यानं," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"बाबा कसे आहेत?" अश्विननं विचारलं.

"पाणीबी गिळवत नाई आता." कांतानं फोन दोन्ही हातांत धरला. "ये रे बापा. एक दिवस ये. तोंड दाखव अन् जा. मी तुले कधी दुसरं काही मागतलं का?"

"साहेबाले विचारून राह्यलो, आई."

"कालबी हेच सांगतलं तू. परवाबी हेच."

हर्षा फोनमधून बाजूला झाली. तिच्या नाक ओढण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"जबरदस्ती नोको करू," बापूराव डोळे न उघडता म्हणाले. "तिकडचे नियम कडक असतेत."

गेले सहा दिवस ते हेच म्हणत होते. आज मात्र कांताचा बांध फुटला.

"चुलीत गेले नियम! उद्या तुमच्या मुखात पाणी कोण घालन? त्या नियमाले बोलावू का मी?"

कुंपणापलीकडचं सूप थांबलं. थोड्या वेळानं रंजीता दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागं सुगंधाबाई. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या खाली बघायला लागल्या. कांताही खालीच बघत होती. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीशिवाय काही नव्हतं.

"बाबा," अश्विनचा आवाज फाटला. "मी काय करू, सांगा ना. आता निघालो तर व्हिसा रद्द होते. मंग परत जाता येत नाई. लोक काय म्हणतीन? तुमाले काय म्हणतीन?"

बापूरावांनी डोळे उघडले. हात पुढं केला. कांता घुटमळली. मग तिनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

ते पोराकडे बराच वेळ बघत राहिले. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला.

"बाबू," ते म्हणाले, "चंद्रपूरहून घरी याले व्हिसा नाई लागत."