सरकलेली भिंत

रेसिंग टीमच्या मुख्यालयातल्या भिंती रात्रीतून जागा बदलत. लोकांची पावलं कुठे रेंगाळतात, ते इमारत दिवसभर टिपायची आणि ज्यांना एकमेकांची ओढ आहे त्यांच्यामधली भिंत सकाळपर्यंत बाजूला सरकवायची. म्हणून आज काय हललंय ते बघायला सगळे लवकर यायचे.

इंजिनांचा प्रमुख सुधन्वा चहाचा कप घेऊन नेहमीच्या कोपऱ्याकडे निघाला आणि थबकला. कोपराच नव्हता. समोर लख्ख उजेडात नवी गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी गाडीचा आकार घडवणारी जरीन मुलाणी, हातात कप घेऊन.

मागच्या शर्यतीत इंजिन तापून गाडी बंद पडली, तेव्हापासून दोघांनी बोलणं टाकलं होतं. तो तिच्या आकाराला दोष द्यायचा, ती त्याच्या इंजिनाला.

मेकॅनिक जमले. सुधन्वाने कप खाली ठेवला. रोज चहाच्या वेळी तो इथे भिंतीला कान लावून उभा राहायचा, पलीकडे काय चाललंय ते ऐकायला. पण एका बाजूच्या रेंगाळण्याने भिंत सरकत नसे.

"म्हणजे तूसुद्धा?" त्याने विचारलं.

जरीनचे कान लाल झाले. "डावीकडून हवा मिळाली तर इंजिन तापणार नाही, असं रोज पुटपुटतोस," ती म्हणाली आणि गाडीच्या डाव्या कुशीवरचं कापड तिने ओढलं. तिथे हवेसाठी रुंद वाट कोरलेली होती. "कधीची तयार आहे. तुला सांगणार कशी?"