आतली तीन भोकं

कुस्तीत प्रांताचं विजेतेपद कोणीही जिंको, मानाचा तोच चामडी पट्टा त्याच्या कमरेला बेतून द्यायचा तो या म्हाताऱ्या कारागिरानेच. कोणतं भोक कोणाचं, त्याला तोंडपाठ.

विजेत्याची बायको महिन्यात तिसऱ्यांदा आली. "काका, अजून एक भोक. आतल्या बाजूला."

"पैलवान भलताच घाम गाळतायत!" कारागीर हसला.

"अंथरुणातून उठवत नाही त्यांना. पण पट्टा बांधूनच बसायचं असतं."

त्याने आरी टोचली.

पुढच्या महिन्यात संघटनेचा माणूस तोच पट्टा घेऊन आला. "पैलवान गेले. आता नव्या विजेत्यासाठी ही आतली तीन भोकं बुजवा, वाईट दिसतात."

कारागिराने भोकांवरून अंगठा फिरवला.

"नाही बुजत."

तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.