चुंबक एका जागी

तपासणीच्या रंगात मेलेली पेशी निळी पडते. तीन महिने हैदराबादच्या प्रयोगशाळेत माझ्या निळ्याच निघत होत्या. रक्तातल्या हव्या तेवढ्याच पेशींना लोहाचे अतिसूक्ष्म कण चिकटवून त्या चुंबकानं जिवंत बाहेर काढायच्या होत्या. शेवटचा नमुना उरला, तेव्हा मी आदिलाबादला मायकडे आले. ती जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातले खिळे चुंबकानं काढायची. खिळा यंत्रात गेला तर ठिणगीनं कापसाची गंजी पेटते. मी प्रयोगशाळेतल्या सवयीनं तिचं चुंबक कापसातून ओढलं. खिळा तुटलेले तंतू घेऊनच आला. “काऊन ओढून राह्यली वं?” माय डाफरली. “चुंबक एका जागी धर. कापूस हळू सरकू दे. खिळा आपोआप येते.” परतल्यावर नळीला चुंबक बांधलं, रक्त थेंबथेंब सोडलं, हात मांडीखाली दाबून बसले. “नुसती बसलीस?” मार्गदर्शक सरांनी हटकलं. “करून राह्यली, सर.” सूक्ष्मदर्शकाखाली निळी पेशी शोधावी लागली.